न मोजलेला पट्टा

मी गावात कुणाच्या घरचा चहा घेत नाही, याचा मला फार माज होता.

१९६३ सालची गोष्ट. वऱ्हाडात पाऊस लहरी झाला होता. महिनाभर दडी मारायचा, नाहीतर चार दिवसांत सगळा ओतून मोकळा व्हायचा. सरकारपुढे उपाय दोन होते: शेतांना बांध घालून पाणी अडवायचं, किंवा चर खणून जास्तीचं पाणी बाहेर काढायचं. दोन्ही करायची ऐपत नव्हती. बांध घालणारे साहजिकच बांधाचे गोडवे गायचे. तेव्हा कुणीतरी शहाण्यानं ठरवलं, की ज्यांनी बांध घातले त्यांनीच फायदा मोजू नये, त्रयस्थानं मोजावा. तो त्रयस्थ म्हणजे अमरावतीच्या एका कचेरीत आकडेमोड करणारा मी, देवमन गवई.

हिवरखेडजवळच्या एका गावात बारा शेतांना बांध घालून पाहिले होते. ज्वारी कापणीला आली तसा मी तिथं पोचलो. शेताच्या नैर्ऋत्य कोपऱ्यात उभं राहायचं, छापील तक्त्यातून, आपण न निवडता, ओळीनं येतील ते दोन आकडे घ्यायचे, तेवढी पावलं लांबीत आणि रुंदीत चालायचं, आणि जिथं पोचू तिथं तेहतीस फुटांचा चौकोन आखून तेवढंच पीक तोलायचं. जागा ना शेतकऱ्यानं ठरवायची, ना साहेबानं. या पद्धतीवर माझा जीव होता. कुणाची जात न विचारणारी, कुणाचं तोंड न बघणारी वस्तू मला आयुष्यात पहिल्यांदाच भेटली होती.

सूचनांमध्ये एक ओळ होती: चौकोन पडीत जागेत पडल्यास नवे आकडे घ्यावेत.

सुभद्राबाईंचं शेत चार एकरांचं. नवरा वारल्यापासून त्या एकट्याच ते कसत होत्या. माझी पावलं बांधाच्या वरच्या अंगाला एका उघड्या पट्ट्यात थांबली. तिथं नुसता लव्हाळा माजला होता. मी 'पडीत' असं लिहिलं आणि नवे आकडे घेतले. या खेपेला चौकोन भरगच्च ज्वारीत पडला.

सुभद्राबाई शेताच्या कडेला, धुऱ्यावर, पाण्याचा तांब्या घेऊन उभ्या होत्या. काहीतरी सांगण्यासाठी त्या पुढं आल्या. मी हात वर करून म्हणालो, मोजणी होईपर्यंत माझ्याशी कुणी बोलू नका, आणि पाणीही नको. त्या मागं सरल्या. माझ्या लहानपणी गावातले लोक माझ्या आईच्या ओंजळीत वरून पाणी ओतायचे. इथं एक कुणब्याची बाई तांब्याच हातात देत होती आणि मी तो परत पाठवला. मला तेव्हा त्याचा अभिमान वाटला होता.

बारापैकी पाच शेतांत पहिला चौकोन असाच उघड्यावर पडला. पाचही वेळा मी नवे आकडे घेतले. अहवालात बांधांमुळे ज्वारी सव्वापट झाली. चराचा विषय तिथंच बारगळला.

वैशाखात दुसऱ्या कामानं त्याच गावी गेलो, तर शिवारभर खुंट्या ठोकणं चालू होतं. आता सगळ्याच शेतांना बांध होणार होते. सुभद्राबाई भेटल्या. मी सहज विचारलं, तो पट्टा तुम्ही पडीत का ठेवता?

"पडीत कुठचा, साहेब? तिथं दोनदा पेरलं. बांधाले पानी तुंबलं अन् दोनी बारी सडून गेलं."

"मग तेव्हा सांगितलं का नाही?"

"तुमीच म्हनलं, बोलू नका. मंग मी काहून बोलू?"

काळ्या जमिनीत पाणी मुरत नाही, हे गावातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. जिथं जिथं बांधानं पीक मारलं, नेमकी तीच जागा मी मोजणीतून काढून टाकली होती.

अमरावतीला परतलो तो थेट महादेवरावांच्या टेबलापाशी. ते माझे वरिष्ठ, माणूस सरळ. मी दुरुस्तीचा कागद पुढं केला. त्यांनी तो दोनदा वाचला.

"हे तुला कुणी सांगितलं?"

"शेतकरणीनं."

"देवमन, कुणाच्या सांगण्यावरून आकडा बदलायचा नसतो, हे या कचेरीत सगळ्यांना तूच शिकवलंस. आता त्रयस्थ म्हणून असलेलं नावच आपल्यापाशी उरलं आहे. तेही घालवू?"

कागद त्यांनी फायलीत लावून ठेवला आणि तो तिथंच राहिला. नोकरी पणाला लावून मी वर लिहायला हवं होतं. लिहिलं नाही. भ्यालो.

त्या वर्षी पाऊस श्रावणातच सगळा कोसळला. पोळ्यानंतर रजा टाकून मी गावी गेलो. प्रत्येक बांधामागं पाणी साचलेलं, त्यात पिवळी पडलेली ज्वारी. शिवाराला कुजका वास सुटला होता. सुभद्राबाई धुऱ्यावर बसल्या होत्या. मी त्यांना सगळं सांगितलं: तक्ता, सूचना, फायलीतला कागद. माझं संपल्यावर त्यांनी विचारलं,

"आज मोजनी नाही नं?"

"नाही."

त्या उठल्या आणि तांब्या भरून आणला. मी तो दोन्ही हातांत घेऊन शेवटपर्यंत प्यायलो. माझ्याकडं न बघता त्या तांब्या घासायला निघून गेल्या.