फाटकाबाहेरचा कळप

सूर्यदेव कुणाचं दार बघून ऊन देत नाही. माडीच्या गच्चीवर पडतं तेच कोंबड्यांच्या खुराड्यावर. पण त्या उन्हाची वीज करून ती सगळ्यांच्या वाट्याला आणायची, तर गावाला चार वेळा एकत्र बसावं लागतं आणि आठ वेळा भांडावं लागतं. या गावाने दोन्ही मनापासून केलं. टेकडीखालच्या खडकाळ गायरानावर सौर पॅनेलांच्या रांगा उभ्या राहिल्या. पंप दिवसा चालू लागले, दूध ठेवायला थंड खोली झाली, दवाखान्यातला दिवा डोळे मिचकावायचा थांबला.

सगळ्यांचं झालं, आक्काचं राहिलं. गावात मेंढ्या राखणारी ती एकटीच, आणि तिचा कळप याच गायरानावर पोसलेला. कुंपण पडलं तसा चारा आत आणि कळप बाहेर. आत चरायला मिळालं नाही तर मेंढ्या विकण्यावाचून तिला इलाज नव्हता.

इकडे पॅनेलांपुढे गवत कमरेला लागलं. त्याची सावली पडली की वीज घटते. तणनाशकाला गावाने आधीच नकार दिला होता. उताराला लगेच पिण्याची विहीर. उरलं गवत कापायचं यंत्र, नाहीतर मेंढ्या. प्रकल्पाच्या इंजिनिअरबाईंचा कल मेंढ्यांकडे होता. यंत्राखालून दगड उडाला की काच गेलीच म्हणून समजा.

त्यांनी आक्काला कळप आत आणून बघायला सांगितलं. पण पहिल्याच दिवशी आक्काने सवयीने कळपापुढे शेळी घातली. मेंढ्यांना वाट दाखवते म्हणून गाव त्या शेळीला मास्तरीण म्हणे. मास्तरणीने आत पाऊल टाकलं आणि दुसरं थेट पॅनेलवर. वर उभी राहून तिने खाली असं पाहिलं, की आता निरूपणच सुरू करते! उतरली ती वायरीला तोंड लावायला. आक्काने तिला कान धरून ओढली म्हणून निभावलं. देवाने माणसाला जीभ दिली आणि शेळीला दात. लगाम द्यायचा मात्र दोघांनाही राहून गेला.

“मेंढ्या चालतील, आक्का. शेळी नाही,” इंजिनिअरबाई म्हणाल्या. “उद्या परत बघू. नाही जमलं, तर यंत्रवाल्याला बोलवावंच लागेल मला.”

दुसऱ्या दिवशी आक्का मास्तरणीला घरी बांधून आली. फाटक सताड उघडं, आत हिरवंगार गवत, आणि कळप बाहेर ढिम्म. आक्काने मागून हाकललं, चुचकारलं, शेवटी आईबाप काढले. मेंढ्या एकमेकींच्या पोटात तोंड खुपसून उभ्या.

बघायला अर्धं गाव जमलं होतं. गावसमितीत असलेला तिचा दीर कुंपणाला टेकून मजा बघत होता. “वहिनी, त्यांना आमंत्रण पोचलं नसेल!”

“तुम्ही आत जाऊन चरायला लागा, भाऊजी. तुमचं बघून येतील.”

दीर हसला, पण आक्काची नजर इंजिनिअरबाईंकडे गेली. बाई घड्याळाकडे बघत नव्हत्या, एवढीच काय ती त्यांची दया. आक्का तडक घरी गेली. मास्तरणीच्या गळ्यातली घंटा सोडून घेऊन आली आणि फाटकात उभी राहून वाजवू लागली. मेंढ्यांनी कान टवकारले, माना वर केल्या, पुन्हा खाली घातल्या.

मग तिच्या लक्षात आलं. शेळी काही घंटा हलवत उभी राहत नाही. ती चालते, थबकते, वाकून घास घेते, पुन्हा चालते. घंटेला तिच्या चालीची लय असते. अर्ध्या गावासमोर आता ती लय धरायची? क्षणभर आक्काचा जीव शरमेने एवढासा झाला. पण शरम धरून बसणाऱ्याच्या गळ्यातून देवाचंही नाव मोकळं निघत नाही, मग घंटेचा नाद कुठून निघणार! तिने घंटा गळ्यात बांधली, मेंढ्यांकडे पाठ केली आणि आत निघाली. दोन पावलं, थबकणं, वाकणं, मानेला झटका.

“वहिनी, पॅनेलवर तेवढं चढू नका!” दीर ओरडला. हशा उसळला. इंजिनिअरबाईंनीही तोंड फिरवलं. खांदे मात्र हलत होते.

आक्काने मागे पाहिलं नाही. पाहिलं असतं तर लय मोडली असती. पहिली रांग ओलांडताना पाठीमागे गवत करकर तुटल्याचा आवाज आला. मग आणखी एक. मग नुसती खुरांची टपटपच.

ती सावलीत बसली तेव्हा कळप रांगांमध्ये पसरला होता. पॅनेलांच्या खालच्या कडेखालून मेंढ्या सहज जात होत्या. इंजिनिअरबाई शेजारी येऊन बसल्या, कपाळावरचा घाम पुसला.

“रोज असंच चालावं लागेल का हो तुम्हाला?”

“सवय होईपर्यंत. मग ती म्हातारी मेंढी नेईल बाकीच्यांना. भोळी जात आहे, बाई. एकदा विश्वास बसला की बसला.”

“मग यंत्रवाल्याला नको म्हणून कळवते. रोज आणा कळप. पण आक्का, सगळ्या रांगा चरायला पुरतील ना तुमच्या कळपाला?”

आक्काने गायरानभर नजर फिरवली. गवत उदंड होतं.

“पुरतील की. उलट आणखी चार मेंढ्या घ्याव्या लागतील,” ती म्हणाली, आणि स्वतःच्याच बोलण्याचं नवल वाटून हसली.