सोमवारचा फोन

“पाणी तरी घे,” फकिरा म्हणाला आणि त्यानं लगेच जीभ चावली. “रोजा हाय व्हय रे तुझा! बघ, ध्यानातच राहिलं नाय.”

“राहू द्या काका. सवय हाय.” झीशान खुर्चीच्या कडेवर टेकला.

सत्यभामाबाईंनी पुढे केलेला पेला हळूच मागे घेतला. बोलल्या काहीच नाहीत. सोमवार होता.

झीशान खुलताबादचा. फकिरा-सत्यभामाबाईंचा मुलगा सुदर्शन ज्या मालवाहू जहाजावर आचारी होता, त्याच जहाजाच्या इंजिनखान्यात हा कामाला. सोमालियाकडच्या समुद्रात चाच्यांनी जहाज धरलं तेव्हा दोघंही त्यात अडकले. पुढे कित्येक महिन्यांनी जहाज सुटलं आणि झीशान घरी आला. सुदर्शन चाच्यांच्या ताब्यात असतानाच तापानं गेला, त्याला समुद्रातच सोडावं लागलं, एवढंच कंपनीच्या साहेबानं फोनवर सांगितलं होतं. त्या वेळी त्याच्याजवळ असलेलं माणूस मुकुंदवाडीतल्या या दोन खोल्यांत आज पहिल्यांदाच आलं होतं.

आणि नेमकं सोमवारी.

हा नेम सुदर्शन पोटात असतानाचा. आधीची दोन लेकरं हाती लागली नव्हती. सत्यभामाबाईंनी वेरूळला घृष्णेश्वरापुढे पदर पसरला होता, ‘हे एवढं जगव, तुझ्या वारी अंघोळीपासून दिवेलागणीपर्यंत तोंडातून शब्द काढणार नाही.’ पोर जगलं. नुसतं जगलं नाही, आईच्या मौनाशी बोलायलाही शिकलं. हो असलं की बांगड्या एकदा वाजायच्या, नाही असलं की दोनदा. पोरगं लबाड, नसत्या मागण्या बरोबर सोमवारी काढायचं, कारण सोमवारी आईला रागावता येत नसे.

“आई, शाळा बुडवू?”

किण, किण.

“बरं, मी तुझा लाडका ना?”

किण.

“बघा पप्पा, देवाच्या वारी हो म्हणली!”

बांगड्यांना हो म्हणता येतं, नाही म्हणता येतं. विचारता मात्र काही येत नाही. आणि सत्यभामाबाईंना आज एकच गोष्ट विचारायची होती.

जहाज धरलं गेलं होतं तेव्हाची ती दुपार. सोमवारच. पाण्याचा टँकर आला म्हणून फकिरा हंडे घेऊन पळाला होता. फोन वाजला, नंबर परदेशातला. त्यांनी कानाला लावला.

“आई? आई, मी हाय. बरा हाय मी. आई, ऐकू येतंय का?”

त्यांनी फोनपाशी मनगट हलवलं. किण.

“हॅलो? आई, बोल की गं काहीतरी!”

मागून कोणीतरी अनोळखी भाषेत ओरडत होतं. शब्द ओठांशी आला होता. पण एवढ्या मोठ्या पाण्यावर लेकरू कशाच्या आधारानं तरंगतंय, ते त्यांना ठाऊक होतं. आजच नेम मोडला तर? त्यांनी बांगड्या वाजवल्या, पुन्हा वाजवल्या, फोन बंद झाल्यावरही वाजवत राहिल्या.

“तू बोलली असतीस तर...” असं फकिरा एकदाच म्हणाला होता. वाक्य त्यानं कधी पुरं केलं नाही. त्यांनी मात्र ते रोज पुरं करून पाहिलं होतं.

“खायला द्यायचे का रे ते हरामखोर?” फकिरा झीशानला विचारत होता.

“सुदर्शन होता ना काका. त्यांना बी त्याच्या हातचं लई आवडाय लागलं. त्यांच्यातला एक तर पोळी लाटाय शिकला. नुसता नकाशा व्हायचा. सुदर्शन म्हणायचा, ‘भावा, ह्याच्यात तुझं गाव कुठंय ते दाखव.’”

फकिरा हसला. हसता हसता त्यानं गमछा डोळ्यांना लावला.

ऊन भिंतीवरून उतरलं तसा झीशान उठला. “निघतो काका. शेवटची गाडी गेली की वांधे. अम्मी वाट पाहत असंल.”

सत्यभामाबाई चटकन दारात आल्या. त्यांनी एक मूठ कानाशी धरली, फोन धरावा तशी, आणि दुसऱ्या हाताची बांगडी तिच्याजवळ नेऊन हलवली. किण. मग त्या त्याच्याकडे नुसत्या बघत राहिल्या.

“तो फोन,” फकिरा म्हणाला. “तिचं मौन असतं सोमवारी. तिनं काकणं वाजवली होती त्या दिवशी. पोराला ऐकू गेली का, विचारती ती.”

झीशाननं मान खाली घातली. “रोज्यात खोटं कसं बोलू, काकू? नाय गेली. मी बाजूलाच होतो. नुसती खरखर येत होती.”

“मग?”

“त्या चाच्यांना रडणं ऐकायचं असतं, काका. घरचे रडले की कंपनी लौकर पैसे देती म्हणून. हिकडून कोणी बोलंना, तर त्यांनी... थोबाडीत दिली त्याच्या.”

सत्यभामाबाई उंबऱ्यात खाली बसल्या.

“पण काकू, अल्लाकसम, तो हसत वळला माझ्याकडं. गाल सुजलेला, आणि हसतोय. म्हणला, ‘आईच होती. दुसरं कोणी इतकं गप बसलंच नसतं. अरे, आज सोमवार हाय!’” झीशान त्यांच्यासमोर उकिडवा बसला. “आमची घड्याळं, मोबाइल सगळं काढून घेतलं होतं. एका खोलीत कोंडलेलं, खिडक्यांना कागद चिकटवलेले. वारच कळंना. मला तर जुम्मा कधी ते बी ठावं नव्हतं. त्या दिवसापासून आम्ही वार मोजाय लागलो. तुमच्या सोमवारावरनं मी जुम्म्याची नमाज पढलो, काकू. आणि तो... तो दर सोमवारी गप राहायचा. पोरं चिडवायची, खानसामा गूंगा झाला म्हणून. मीठ बरोबर हाय का विचारलं तर पातेल्यावर पळी वाजवायचा. एकदा म्हंजे हो.”

बाहेर दिवस मावळला. गाडी गेली असणार, पण झीशान उठला नाही. सत्यभामाबाई भिंतीला धरून उठल्या. देवापुढे दिवा लावला, हात जोडले. लांबून मगरिबची अजान ऐकू आली. त्यांनी फडताळातून स्वतःच्या उपवासाचा खजूर काढला, तांब्या-पेला घेतला आणि त्याच्यासमोर ठेवला. त्यानं पुटपुटत दुआ म्हटली, खजूर तोंडात टाकला, पेला एका दमात रिकामा केला.

“अगं, दिवा लागला,” फकिरा म्हणाला. “बोल आता.”

त्या झीशानकडे वळल्या.

“तो गेला तेव्हा वार कोणता होता रे, बाळा?”

“मंगळवार, काकू. नुसतं उजाडत होतं.”

“म्हणजे मौन सुटलं होतं त्याचं.”

“व्हय.”

“मग बोलला असंल काहीतरी.”

झीशान रिकामा पेला हातात फिरवत राहिला. “पाणी मागितलं.”

“दिलंस?”

“दिलं, काकू. मीच पाजलं.”

त्यांनी त्याच्या हातातला पेला सरळ केला आणि काठोकाठ भरला. तो पिऊन होईपर्यंत त्या तांब्या धरून तिथंच उभ्या राहिल्या.