मनिलाची परवानगी आणि दिविनाचं लग्न

फिलिपिन्समधल्या सान रोमानच्या नगरपालिकेतली नियोजन अधिकारी रेमेदियोस सकाळपासून फोनकडे बघत होती. समुद्रापलीकडच्या इंडोनेशियातल्या बेटाचे प्रमुख योहानिस सभागृहात येऊन बसले होते. करार साधा होता. वादळात भरकटून आलेल्या एकमेकांच्या कोळ्यांना आसरा द्यायचा, त्यांना कोंडून ठेवायचं नाही. पण परदेशाशी करार म्हटला की मनिलाची परवानगी लागते, आणि ती आली नव्हती. मेयर दांतेंची मुदत संपत आली होती. पुढचा मेयर हे घोंगडं अंगावर घेईल याची खात्री नव्हती.

"परवानगीशिवाय सही केली तर मला घरी बसवतील," मेयर पुटपुटले.

"तसेही तुम्ही बसणारच आहात," रेमेदियोस म्हणाली.

इतक्यात मेयरांची भाची दिविना पांढऱ्या झग्यात आत आली. तिचं लग्न मेयर याच सभागृहात लावणार होते. करारासाठी रेमेदियोसनेच ते दुपारवर ढकललं होतं.

"मामा, आटपा की. भाजलेल्या डुकराची कुरकुरीत कातडी मऊ पडायला लागली. त्यात माझ्या निनोंगची होडी बंद पडलीय. साक्षीला कोण?"

दोन्ही किनाऱ्यांवर सांगीर बोलली जाते, त्यामुळे योहानिसांना सगळं कळत होतं. "निनोंग म्हणजे?"

"लग्नातला धर्मबाप," रेमेदियोस म्हणाली. "एकदा झालात की सुटका नाही. यांची भांडणं सोडवा, पोरांच्या फिया भरा. आणि मेयरसाहेब तुमचे कुम्पारे, म्हणजे घरचेच..." बोलता बोलता ती थांबली आणि मेयरांकडे बघू लागली.

योहानिसांच्याही ध्यानात आलं. "कुम्पारेच्या गावचा माणूस वादळात दारी आला, तर तुम्ही काय करता?"

"जेवायला वाढतो," मेयर म्हणाले. "त्याला कुणाची परवानगी?"

"मग पेन द्या, निनोंग मी होतो. आमच्याकडेही तसंच होईल. माझा शब्द."

दिविनाने मामाला कोपराने ढोसलं. "लावा आता लग्न."

रेमेदियोसला मनिलाहून फोन आला तेव्हा नाच सुरू झाला होता. पलीकडून साहेब म्हणाले, "प्रस्ताव विचाराधीन आहे. तोवर कशावरही सही करू नका."

"सर, सह्या झाल्या. दोघांच्याही."

"कशावर?"

"लग्नावर. तुम्हीही या जेवायला."

अंगणात केळीच्या लांबलचक पानांभोवती योहानिसांचे खलाशी आणि नवऱ्याकडचे कोळी हाताने भात खात होते. वादळात कुठल्या खाडीत शिरायचं, ते माशाचे काटे मांडून एकमेकांना दाखवत होते. रेमेदियोसने फोन पर्समध्ये टाकला आणि त्यांच्यात जागा करून घेतली.