पापणीच्या आतला रंग

रंगाच्या दुकानात त्याला सगळे शेडकाका म्हणायचे. गिऱ्हाइकाने भिंतीचा नखाएवढा पोपडा आणला, की काका थेंब थेंब टाकून हुबेहूब तोच रंग काढून द्यायचा. मालकाने हौसेने घेतलेलं रंग मिसळायचं मशीन कोपऱ्यात धूळ खात पडलं होतं.

हल्ली मात्र एक डबा ढवळला, की काका स्टुलावर टेकायचा.

"काका, स्टुलाला चिकटवलंय का कुणी?" मालक विचारायचा. काका हसायचा. हसतानाही धाप लागायची.

खरी पंचाईत रविवारची. मुलगी चौथ्या मजल्यावर राहायची, लिफ्ट नाही. तिने स्वतःच्या मनाने लग्न केलं, तेव्हा काकाने दोन वर्षं तोंड फिरवलं होतं. तो राग कधीच विरला होता. तीन रविवार तो इस्त्रीचा शर्ट घालून निघाला, आणि तिन्ही वेळा दुसऱ्या मजल्याच्या वळणावर कठडा धरून उभा राहिला. छातीत धडधड, पाय शिशाचे. वरून तिच्या घरातला रेडिओ ऐकू यायचा. थोडा वेळ ऐकायचा आणि गुपचूप खाली.

"कामात अडकलो गं," मग फोनवर सांगायचा.

"रविवारी दुकान बंद असतं, बाबा. राग गेला नाही असं सरळ म्हणा ना!"

फोन कट. धाप लागते म्हणून सांगायचं? जीव गेला तरी नाही.

दोन वर्षांपूर्वी किडनी निम्मी गेली होती. रिपोर्टात काका फक्त किडनीचा हाल सांगणारी क्रिएटिनिनची ओळ बघायचा. आकडा वाढला नसला, की कागदाची घडी खिशात. थकव्याचा निकालही त्याने आपणच लावला होता : एकट्या माणसाचं जेवण ते काय, सकाळचंच संध्याकाळी. म्हणून मेडिकलमधून लोहाच्या गोळ्या आणून गिळत होता. कुणाला पत्ता नाही.

या खेपेच्या तपासणीत किडनीच्या डॉक्टरीणबाईंनी त्याला खिडकीशी उभं केलं आणि खालची पापणी ओढली.

"दम लागतो?"

"छे! रोज आरशात बघतो. तोंड कसं टवटवीत आहे."

"आरसा कुठे असतो तुमचा?"

काकाला घरची खोली आठवली. आरसा होता गुलाबी भिंतीसमोर. बायकोने हट्टाने लावून घेतलेला रंग. ती जाऊन पाच वर्षं झाली, पण भिंतीला त्याने दुसऱ्या रंगाचा हात दिला नव्हता. आणि गिऱ्हाइकांना मात्र हाच माणूस बजावायचा, रंग बाहेर उजेडात नेऊन बघा, शेजारची भिंत खोटं बोलते.

बाईंनी छोटा आरसा दिला. काकाने पापणी ओढली.

"हस्तिदंती," तो हळूच म्हणाला. "इथे विटकरी पाहिजे."

"बरोब्बर. हिमोग्लोबिन आठ आहे. मागच्या वेळी साडेदहा होतं, तेव्हाही विचारलं होतं मी. तुम्ही नाही म्हणालात."

"लोहाच्या गोळ्या घेतोय की!"

"मला न विचारता?" बाईंचा आवाज चढला. "काका, रक्त बनवा हा निरोप हाडांच्या आतल्या मगजाला किडनीच धाडते. किडनी थकली की निरोप कमी पडतो. मग नुसतं लोह खाऊन भागत नाही. आधी अंगातला लोहाचा साठा मोजू, बी-ट्वेल्व्ह बघू, कुठून रक्त जातंय का तेही बघू. मग गोळी की इंजेक्शन, ते मी ठरवेन."

"म्हणजे म्हातारपण नाही हे?"

"आजार आहे. यावर इलाज करता येतो. घरी कोण असतं?"

"एकटाच. मुलगी आहे, चौथ्या मजल्यावर."

रविवारी तो दुसऱ्या मजल्याच्या वळणावर पोचला आणि पायरीवरच बसला. दम खाल्ला. फोन लावला.

"खाली ये. जिन्यात बसलोय."

ती धडाधड उतरून आली. "इथपर्यंत येऊन वर येणार नाही? एवढा राग?"

काकाने तिला जवळ बोलावलं, जिन्याच्या खिडकीकडे तोंड केलं आणि पापणी ओढून धरली.

"बघ. रक्त कमी झालंय. किडनीमुळे. पुढचं चढवत नाही."

तिने वाकून पाहिलं. मग शेजारी बसली.

"म्हणजे त्या तिन्ही रविवारी..."

"इथवर येत होतो. तुझा रेडिओ ऐकून जायचो."

 वर दार उघडं होतं, रेडिओ चालूच होता. दोघं पायरीवर बसून ऐकत राहिली.