पुजलेले चिमटे

धुळ्याच्या आमच्या कारखान्यात आम्ही बाया मीटरच्या डिस्प्लेची रिबन केबल बसवतो. ती कागदासारखी पातळ असते. बोटानं धरली तर खराब होते, म्हणून प्रत्येकीला प्लास्टिकच्या टोकाचा चिमटा दिलाय.

खंडेनवमीला सुपरवायझर प्रेमराजभाऊंनी सगळे चिमटे पुजले, टोकांना ओलं कुंकू लावलं. पुनमला पाळी आली होती. तिला बाहेर बसवलं, तिचा चिमटाही पूजेत घेतला नाही. देवाला चालत नाही म्हणे.

दसऱ्यानंतर काम सुरू झालं. पुसूनही राहिलेलं कुंकू केबलला लागलं आणि एकामागून एक मीटर बंद निघाले. फक्त पुनमचे चालू होते.

प्रेमराजभाऊ तिच्या टेबलाशी आले. "तुझा चिमटा दे जरा."

पुनमनं मान वर न करताच विचारलं, "विटाळाचा चालेल का, भाऊ?"