कुंकवाचा सूर

मित्रांनो, मी स्वरलिपीचे एक जुने पुस्तक आहे. माझी शिवण उसवली आहे, पाने पिवळी पडली आहेत. पण मी कीव मागायला बसलेलो नाही.

मला लिहिणाऱ्या संगीतकाराने तरुणपणी मोठमोठी संगीत नाटके रचून नाव कमावले. म्हातारपणी ते सारे सोडून तो घरी जेवायला येणाऱ्या मित्रांसाठी पियानोवर छोट्या गमती रचू लागला. एक सुस्त मांजरावर, एक करपलेल्या पुडिंगवर, एक शिंकेवर.

वेल्समधल्या कार्डिफच्या एका जुन्या पुस्तकांच्या दुकानातून नीनाताईंनी मला आणले. चाळीस वर्षे हॉस्पिटलात नर्स म्हणून राबून त्या रिटायर झाल्या, तेव्हा कुठे पियानोपुढे बसल्या. मला त्यांनी शाळेच्या पुस्तकासारखे तपकिरी कागदाचे कव्हर घातले. दसऱ्याला नातीच्या लॅपटॉपशेजारी पाटावर मांडून माझी पूजा केली. बोटे ओली होती. कुंकवाचा एक ठिपका ‘शिंके’च्या शेवटच्या ओळीवर उमटला. दुसऱ्या दिवशी त्यांनी तो सूर समजून वाजवला. शिंक संपली असे वाटते न वाटते तोच आणखी एक चिमुकली शिंक! चूक कळल्यावर त्या पोट धरून हसल्या, आणि पुढे रोज तशीच वाजवू लागल्या.

त्यांच्या शिक्षिका मिसेस प्रिचर्ड यांना हे खपले नाही. त्यांनी ठिपक्यावर पेन्सिलीने फुली मारली. नीनाताई फुलीखालचा ठिपका वाजवतच राहिल्या.

यंदा चॅपलच्या हॉलमध्ये विद्यार्थ्यांचा कार्यक्रम ठरला. सत्त्याहत्तराव्या वर्षी एखादी संथ, गंभीर रचना शोभून दिसेल, असे मिसेस प्रिचर्डनी सुचवले. नीनाताईंच्या मुलाने, अपूर्वने, तशी एक लगेच टॅबलेटवर उतरवून घेतली आणि मला जुन्या वस्तू दान घेणाऱ्या चॅरिटी शॉपच्या पिशवीत घातले.

“आई, अगं पानं सुटलीयेत त्याची. स्टेजवर फजिती होईल तुझी.”

“होऊ दे. पिशवी इकडे आण.” त्यांनी मला बाहेर काढून पदराने पुसले. “माझ्या वयाला काय शोभतं ते मी बघीन. हे लिहिणाराही म्हाताराच होता, अपूर्व. त्याला कुणी गप्प बस म्हटलं नाही.”

कार्यक्रमात व्हायचे तेच झाले. मधेच माझे एक पान सुटून जमिनीवर गेले. नीनाताई सावकाश वाकल्या, पान उचलून जागेवर ठेवले आणि शिंक पहिल्यापासून सुरू केली. शेवटी क्षणभर थांबल्या, आणि लाल ठिपका वाजवला. सगळा हॉल खळखळून हसला. अपूर्वही.

मग मिसेस प्रिचर्ड पियानोपाशी आल्या. मला वाटले, आता बोलणी बसणार. त्यांनी पर्समधून रबर काढला आणि आपली फुली पुसून टाकली.

मित्रांनो, आम्हा जुन्या पुस्तकांची सुटलेली पाने चिकटवा, धूळ झटका, स्वच्छ हातांनी आम्हाला उघडा. पण आम्हाला कोरे करकरीत करायला जाऊ नका. माझा लाल ठिपका माझाच आहे. तो वाजवावाच लागेल.