बाबांच्या मांडीचा लिलाव

बाबा बाजारात भाजीचा लिलाव पुकारायचे. आवाज असा, की त्यांनी इकडे कांदा पुकारला की पलीकडच्या गावातले बटाटे घाबरून आपणहून पोत्यात शिरत. पण आज घरी दोन्ही पोरं डेंग्यूने फणफणली होती आणि पाण्याला तोंड लावेनात. डॉक्टरीणबाई सकाळीच बजावून गेल्या होत्या, "संध्याकाळपर्यंत पोटात पाणी गेलं नाही, तर दोघांना दवाखान्यात ठेवावं लागेल."

पोरांची डोकी ठणकत होती, म्हणून बाबांनी जन्मात पहिल्यांदा कुजबुजत लिलाव पुकारला. "बाबांची मांडी, उशीपेक्षा मऊ! बोला, किती घोट?"

"दोन," ताई पुटपुटली.

"चार!" धाकटा म्हणाला.

"आधी पिऊन दाखव, फुशारक्या नंतर!" बाबा म्हणाले.

तो प्यायला. मग ताई इरेला पेटली. बोली चढत गेली आणि साखर-मिठाच्या पाण्याचा तांब्या रिकामा झाला.

संध्याकाळी डॉक्टरीणबाईंनी दोघांना तपासलं. "छान! असंच पाजत राहा, घरीच राहू देत. पण तुम्ही जरा उठा की, पाय अवघडले असतील."

दोन्ही मांड्यांवर एकेक डोकं होतं. बाबांची छाती गजभर फुगली.

"कसा उठू, बाई? माल विकला गेलाय. आणि एवढा भाव आमच्या बाजारात आजवर कशालाच आला नव्हता!"